पेशी जास्त मरतात, तरी ग्रेड वरची कशी? प्रोस्टेट कर्करोग आणि पेशीमृत्यू

अबोली

नमस्कार. बाबांच्या प्रोस्टेटच्या बायोप्सीचा रिपोर्ट गेल्या आठवड्यात आला. वय ६८, पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन) ९.४. सुईने बारा तुकडे काढले होते, त्यांतल्या पाचांत कर्करोग निघाला. गाठीची श्रेणी सांगणारा ग्लीसन आकडा ४+३=७, ग्रेड ग्रुप ३. हाडांचा स्कॅन स्वच्छ आहे. डॉक्टरांनी दोन मिनिटांत ‘मध्यम धोका, उपचार करावे लागतील’ एवढं सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं. त्या दोन मिनिटांत मला एकही प्रश्न सुचला नाही. घरी आल्यावर मात्र झोप उडाली आणि मी वाचायला बसले.

वाचताना एका जागी अडकले, म्हणून हा धागा. सगळीकडे लिहिलेलं असतं की शरीरातल्या पेशींना वेळ झाली की स्वतःहून मरायची सोय असते, तिला अ‍ॅपॉप्टोसिस म्हणतात, आणि कर्करोगाच्या पेशी हे मरण टाळतात. इथवर समजलं. पण प्रोस्टेटवरच्या काही जुन्या शोधनिबंधांच्या सारांशात नेमकं उलट दिसलं. ग्लीसन जितका वरचा, तितक्या मरणाऱ्या पेशी जास्त! मरणं टाळणं हाच आजार असेल, तर वाईट गाठीत मरण कमी दिसायला हवं ना? की मी काही उलटं वाचते आहे? आणि बाबांच्या नमुन्यावर हे मोजून घ्यायला सांगू का?

सूक्ष्मदर्शी

अबोली, तुम्ही उलटं वाचलेलं नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, अशा स्लाइड्स रोज बघतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी ग्रेडबद्दल. डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ साली ही पद्धत मांडली. त्या काळी बहुतेक कर्करोगांची श्रेणी पेशीचं केंद्रक किती बिघडलंय, किती पेशी विभागताना दिसतात, यावर ठरायची. ग्लीसननी ते सगळं बाजूला ठेवलं आणि कमी भिंगाखाली ग्रंथींची ठेवण बघितली. सुट्या सुट्या, नीट गोल ग्रंथी असतील तर ३. ग्रंथी एकमेकींत मिसळल्या, अर्धवट राहिल्या किंवा चाळणीसारख्या छिद्रांच्या झाल्या तर ४. ग्रंथी बनवणंच सुटलं, पेशी एकेकट्या किंवा रांगेने किंवा थराने पसरल्या तर ५. जे दोन नमुने जास्त दिसतात त्यांची बेरीज करायची. तुमच्या वडिलांच्या रिपोर्टमधला पहिला आकडा ४ आहे, म्हणजे चाराचा भाग तीनापेक्षा जास्त आहे. ३+४ आणि ४+३ या दोन्हींची बेरीज ७च येते, पण पुढचा प्रवास सारखा नसतो. म्हणूनच २०१४ नंतर ग्रेड ग्रुप आले आणि त्यांत ३+४ ला २ आणि ४+३ ला ३ असा वेगळा क्रमांक मिळाला.

यात मेलेल्या पेशी मोजण्याचा कुठेच संबंध नाही, हे लक्षात आलं असेलच. अ‍ॅपॉप्टोसिस आम्हाला स्लाइडवर दिसतो. पेशी आक्रसते, तिचा रंग गडद गुलाबी होतो, केंद्रकाचे काळपट गोळे होतात, भोवती एक पांढरी कड सुटते. पण प्रोस्टेटची ग्रेड देताना आम्ही ते मोजत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. प्रोस्टेटच्या निरोगी ग्रंथीत नव्या पेशी अगदी संथ जन्मतात आणि तितक्याच संथ मरतात. आवक-जावक बरोबर, म्हणून ग्रंथीचं आकारमान टिकतं. खालच्या ग्रेडच्या गाठीत दोन्ही बाजू अजून संथच असतात, फक्त आवक किंचित वरचढ होते. म्हणून अशा कितीतरी गाठी वर्षानुवर्षं जिथल्या तिथे राहतात. ग्रेड चढते तशी आवक झपाट्याने वाढते. जावकही वाढते, कारण घाईघाईने विभागणाऱ्या पेशींच्या गुणसूत्रांत चुका होतात, रक्तपुरवठा अपुरा पडतो, आणि त्यांतल्या बऱ्याच पेशी मरतात. तरी आवक पुढेच असते. तुम्ही वाचलेल्या सारांशात मरणाऱ्या पेशी मोजल्या आहेत. त्यांच्यासोबत जन्मलेल्या पेशी किती, हे बघितलं की कोडं सुटतं.

तेव्हा ‘कर्करोगाच्या पेशी मरत नाहीत’ हे वाक्यच मला खटकतं. त्या मरतात, पुष्कळ मरतात. जेव्हा मरायला हवं तेव्हा त्यांतल्या काही मरत नाहीत, आणि गाठ त्यांच्यापासून पुढे वाढते.

रानवारा

फार छान समजावलंत. पण मग जन्म आणि मृत्यू दोन्ही मोजून गुणोत्तर काढलं तर ते ग्लीसनपेक्षा नेमकं नाही का होणार? मोजत का नाहीत?

पेशीरंग

रानवारा, प्रयत्न खूप झाले. मी पेशीविज्ञानात काम करते, प्रोस्टेट हा माझा थेट विषय नाही, पण पेशीमृत्यू मोजणं हे माझं रोजचं काम आहे. ते किती निसरडं आहे हे सांगते.

पेशी मरायला लागल्यापासून शेजारच्या पेशींनी किंवा भक्षकपेशींनी तिला गिळून टाकेपर्यंत जेमतेम काही तास जातात. मरणारी पेशी आपल्या आवरणाच्या आतल्या बाजूचा एक स्निग्ध रेणू बाहेर वळवते. ‘मला उचला’ अशी ती खूण असते. ती दिसली की सफाई होते, मागे व्रणही राहत नाही. स्लाइड म्हणजे एका क्षणाचा फोटो. शंभर पेशींत एखादीच मरताना दिसली तरी महिन्याभरात त्या जागी किती पेशी गेल्या असतील याचा विचार करा! त्यामुळे आकडे नेहमी छोटे येतात, आणि छोट्या आकड्यांत मोजणाऱ्याच्या नजरेचा फरकही मोठा ठरतो.

दुसरी अडचण पद्धतीची. १९९२ मध्ये टनेल नावाची चाचणी आली. डीएनएचे तुकडे झाले की त्यांच्या टोकांना रंग लावायचा, अशी ती पद्धत. पण रक्त न मिळाल्याने फुटून मेलेल्या पेशींतही डीएनए तुटतो. तिथेही रंग बसतो. नमुना फॉर्मलिनमध्ये किती वेळ होता यानेही फरक पडतो. त्यापेक्षा कापलं जाऊन कामाला लागलेल्या कॅस्पेज-३ या विकराला चिकटणारं प्रतिद्रव्य वापरणं जास्त भरवशाचं, कारण कॅस्पेज हे अ‍ॅपॉप्टोसिसचे खरे कामगार. तरीही वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे एका तक्त्यात मांडता येत नाहीत. ग्लीसनची ठेवण मात्र साध्या गुलाबी-जांभळ्या रंगात, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसते आणि रुग्णाच्या पुढच्या आयुष्याशी तिचा संबंध साठ वर्षं तपासला गेला आहे. जन्माची बाजू मोजायला विभागणाऱ्या पेशी दाखवणारा केआय-६७ चा रंग आहे, पण तोही प्रोस्टेटमध्ये नेहमीच्या रिपोर्टचा भाग झाला नाही.

अबोली, म्हणून बाबांच्या नमुन्यावर अ‍ॅपॉप्टोसिस मोजून घेऊ नका. त्या आकड्यावरून उपचार काहीच बदलणार नाही.

जुना_वाचक

इतिहासात मला रस आहे, म्हणून थोडी भर घालतो. प्रोस्टेट आणि पेशीमृत्यू यांचं नातं फार जुनं आहे.

जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अलास्टेर करी या तिघांनी १९७२ मध्ये ‘अ‍ॅपॉप्टोसिस’ हा शब्द पहिल्यांदा छापला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ झाडावरून पानं किंवा फुलावरून पाकळ्या गळून पडणं. अ‍ॅबर्डीनच्या ग्रीक भाषेच्या एका प्राध्यापकांनी तो सुचवला होता. आपल्या पानगळीशी किती जवळचा शब्द! पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, केर आणि सर्ल यांनी अंडकोष काढलेल्या उंदरांची प्रोस्टेट ग्रंथी बघितली आणि ती आक्रसते ती याच मार्गाने, हे दाखवलं. म्हणजे या कल्पनेला अगदी सुरुवातीला ज्या अवयवांनी पुरावा दिला, त्यांत प्रोस्टेट होती.

त्याच्याही आधी, १९४१ मध्ये, चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी हाडांपर्यंत पोचलेल्या प्रोस्टेट कर्करोगात अंडकोष काढले किंवा इस्ट्रोजेन दिलं की आजार मागे हटतो, हे दाखवलं होतं. हगिन्सना १९६६ मध्ये नोबेल मिळालं. ग्लीसनची पद्धतही १९६६ चीच, हा योगायोग मला नेहमी विलक्षण वाटतो. पुढे २००२ चं नोबेल पेशीमृत्यूच्या जनुकांना मिळालं: ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन. त्यांचा प्राणी म्हणजे एक मिलिमीटरचा गोलकृमी. त्याच्या वाढीत १०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या नेमक्या १३१ मरतात. प्रत्येक कृमीत त्याच १३१.

पेशीरंग

जुना_वाचक, त्या उंदरांचा पुढचा भाग मी सांगते, कारण अबोलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

टेस्टोस्टेरोन थांबलं की उंदराच्या प्रोस्टेटमधल्या ग्रंथींच्या आतल्या थरातल्या बहुतांश पेशी आठवडा-दोन आठवड्यांत मरतात. खालचा, बैठकीचा थर मात्र टिकतो. पुन्हा टेस्टोस्टेरोन दिलं की ग्रंथी पुन्हा उभी राहते. हे चक्र कितीही वेळा फिरवता येतं.

बैठकीच्या थराला कशाने तारलं? त्या पेशींत बीसीएल-२ नावाचं प्रथिन भरपूर असतं, आतल्या थरात ते जवळजवळ नसतं. हे प्रथिन प्रोस्टेटमध्ये सापडलेलं नाही. ते लिम्फोमात, म्हणजे लसिकापेशींच्या कर्करोगात, १४ आणि १८ या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून हाती लागलं. १९८८ मध्ये डेव्हिड वॉक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते पेशींना विभागायला लावत नाही, फक्त मरू देत नाही. कर्करोगाची जनुकं म्हणजे वाढीचा वेग वाढवणारी जनुकं, असं तोवर सगळे धरून चालले होते. पेशीचं मरण अडवूनही कर्करोग होऊ शकतो, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

प्रोस्टेटच्या गाठीत बीसीएल-२ सुरुवातीला सहसा कमी असतं. पण हार्मोनचे, म्हणजे टेस्टोस्टेरोन थांबवणारे, उपचार निष्फळ ठरल्यावरच्या गाठींत ते पुष्कळदा वाढलेलं सापडतं. हे १९९२ पासून माहीत आहे. त्याच्या जोडीला पीटेन हे जनुक गमावलं जातं आणि ‘जिवंत राहा’ असा निरोप देणारी अ‍ॅक्ट या प्रथिनाची वाट कायमची उघडी राहते. पुढच्या टप्प्यांत पी५३ बिघडतं, म्हणजे खराब डीएनए असलेल्या पेशीला मरायला लावणारा रखवालदारच जातो. एकेका बिघाडाने मरणाचं एकेक दार बंद होतं. उरलेल्या दारांनी पेशी मरत राहतात, म्हणून स्लाइडवर मृत्यू दिसतो.

रानवारा

हे वाचून एक विचारावंसं वाटतं. अमुक वनस्पतीच्या अर्काने प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींत अ‍ॅपॉप्टोसिस होतो, असे बरेच शोधनिबंध दिसतात. मरणाचं दार उघडणाऱ्या या गोष्टी सोबतीला घ्यायला काय हरकत आहे? घरच्यांसाठी काहीतरी करावंसं वाटतंच ना.

पेशीरंग

वाटतं, आणि ते वाटणं खरं आहे. माझ्या मामाच्या वेळी मीही शोधत होते. पण त्या निबंधांत काय केलेलं असतं ते सांगते. पीसी-३, डीयू-१४५, एलएनकॅप अशा पेशींचे वाण काचेच्या बशीत वाढवतात. पीसी-३ हाडातल्या गाठीतून आलेलं, डीयू-१४५ मेंदूतल्या, एलएनकॅप लसिकाग्रंथीतल्या. त्यांच्यावर अर्क ओततात. बशीतली मात्रा इतकी जास्त असू शकते की तोंडाने घेऊन रक्तात ती कधीच पोचत नाही. बशीत पेशी मारणं अवघड नसतं. माझ्या हातून तर नुसतं माध्यम बदलायला उशीर झाला तरी मरतात.

माणसांवर तपासल्यावर काय होतं याचं एक उदाहरण मनात घट्ट ठेवा. सिलेक्ट नावाच्या चाचणीत ३५,५३३ पुरुषांवर सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व प्रोस्टेट कर्करोग टाळतात का, ते बघितलं. बशीतले आणि आधीचे निष्कर्ष आशादायक होते. २०११ मध्ये निकाल आला, तेव्हा नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेट कर्करोग १७ टक्क्यांनी *जास्त* निघाला. ‘सोबतीला घ्यायला काय हरकत’ याचं उत्तर त्या चाचणीने दिलं आहे. काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा, विशेषतः रेडिएशन चालू असेल तर.

आणि नेमकी दारं उघडणारी औषधंही प्रोस्टेटमध्ये सहज यशस्वी झालेली नाहीत. बीसीएल-२ ला अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स २०१६ मध्ये एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगासाठी आलं आणि तिथे ते मोलाचं ठरलं. प्रोस्टेटमध्ये एक दार उघडलं तरी पेशीला जगायला दुसरे आधार असतात.

संध्यापर्व

मी रुग्ण आहे, म्हणून लिहितो. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी मी सात वर्षं फिनास्टेराइड घेत होतो. नंतर कर्करोग निघाला. तेव्हा कुणीतरी सांगितलं की या गोळीने वरच्या ग्रेडचा कर्करोग होतो. वर्षभर मी त्या अपराधात होतो, की लघवीचा त्रास सहन केला असता तर बरं झालं असतं. सूक्ष्मदर्शी, हे खरं आहे का? आज विचारायचं धाडस झालं.

सूक्ष्मदर्शी

संध्यापर्व, बरं झालं विचारलंत. तो अपराध मनातून काढून टाका.

२००३ साली आलेल्या एका मोठ्या चाचणीत १८,८८२ पुरुष होते. फिनास्टेराइड घेणाऱ्यांत प्रोस्टेट कर्करोग सुमारे पाव हिश्शाने कमी निघाला. पण वरच्या ग्रेडचा कर्करोग ६.४ टक्के निघाला आणि नुसती साखरगोळी घेणाऱ्यांत ५.१ टक्के. त्यावरून भीती पसरली. मात्र ही गोळी ग्रंथी आक्रसवते, तेही बऱ्याच अंशी याच पेशीमृत्यूच्या मार्गाने. लहान ग्रंथीत तेवढ्याच सुया मारल्या तर असलेली गाठ सुईला लागण्याची शक्यता वाढते. २०१३ मध्ये त्याच पुरुषांचा १८ वर्षांपर्यंतचा माग छापून आला आणि दोन्ही गटांतल्या मृत्यूंच्या प्रमाणात फरक नव्हता. गोळीने घातक गाठी खरंच वाढवल्या असत्या, तर तो फरक इतक्या वर्षांत दिसला असता.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावी. ही गोळी पीएसए जवळजवळ निम्म्यावर आणते. गोळी चालू असताना पीएसए ३ आला तर तो ६ समजून बघायचा. आणि स्लाइड वाचणाऱ्याला गोळीबद्दल सांगायचं. हार्मोनचे इंजेक्शन किंवा रेडिएशन आधी झालं असेल तर ते सांगणं त्याहून गरजेचं. कारण उपचाराने मरायला टेकलेल्या ग्रंथी आक्रसून, तुटून इतक्या विस्कळीत दिसतात की अनभिज्ञ नजरेला त्या ५ वाटतील. उपचाराचा परिणाम ठळक असेल तर आम्ही ग्लीसन देतच नाही. मृत्यूमुळे ग्रेड फसते ती अशी.

उलट बाजूही सांगतो, अबोलींच्या कामाची. एका प्रकारचा मृत्यू ग्रेडमध्ये थेट धरला जातो, पण तो अ‍ॅपॉप्टोसिस नव्हे. गाठीच्या ग्रंथीच्या मधोमध मेलेल्या पेशींचा राडारोडा साचलेला दिसला, तर त्याला कोमेडोनेक्रोसिस म्हणतात. इथे पेशी शिस्तीने मेलेल्या नसतात, गुदमरून फुटलेल्या असतात. तो दिसला की नमुना ५. रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा: चाराचा भाग किती टक्के, चाळणीसारख्या ग्रंथी आहेत का, आणि हा नेक्रोसिस आहे का. लिहिलेल्या नसतील तर ब्लॉक (मेणात बसवलेले बायोप्सीचे तुकडे) आणि स्लाइड्स मागून घ्या आणि प्रोस्टेट नेहमी बघणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून वाचून घ्या. ३ आणि ४ यांच्या सीमेवर आमच्यांतही मतभेद होतात. दुसरं मत मागितल्याचा आम्हाला राग येत नाही.

संध्यापर्व

धन्यवाद. बायकोला वाचून दाखवलं.

अबोली

सगळ्यांना उशिरा उत्तर देते आहे, क्षमस्व. स्लाइड्स मागितल्या, दोन दिवस फेऱ्या मारल्यावर मिळाल्या. दुसऱ्या वाचनात ग्लीसन तोच आला, ४+३. चाराचा भाग ६० टक्के, चाळणीसारख्या ग्रंथी आहेत, नेक्रोसिस नाही. आकडा बदलेल अशी आशा होती, ती गेली. पण आता तो आकडा म्हणजे काय हे मला कळतं, आणि यावेळी डॉक्टरांसमोर मी वही घेऊन बसले. त्यांनीही अर्धा तास दिला.

रेडिएशन आणि सोबत सहा महिने हार्मोनचं इंजेक्शन ठरलंय. बाबांनी हा धागा पूर्ण वाचला. त्यांचा एकच प्रश्न आहे, तोही मी त्यांच्या शब्दांत लिहिते: “रेडिएशन संपल्यावर त्या पेशी मेल्या हे मला कधी कळेल?”

सूक्ष्मदर्शी

काकांना नमस्कार सांगा. प्रश्न अचूक आहे.

रेडिएशनने प्रोस्टेटच्या गाठीतल्या पेशी लगेच अ‍ॅपॉप्टोसिसने मरतात असं नाही, तशा थोड्याच मरतात. बहुतेकींच्या डीएनएचे दोन्ही धागे तुटलेले असतात, पण पेशी तशीच जगत राहते. विभागायची वेळ येते तेव्हा तुटलेली गुणसूत्रं वाटली जात नाहीत आणि ती तिथे कोसळते. प्रोस्टेटच्या पेशी सावकाश विभागतात, म्हणून हे मरणही सावकाश येतं.

इंजेक्शनमुळे त्यांचा पीएसए आधीच झपाट्याने खाली जाईल. त्यावरून रेडिएशनचं काम कळणार नाही. इंजेक्शनचा अंमल उतरला की टेस्टोस्टेरोन परत येतं, तेव्हा पीएसए थोडा वर सरकेल. त्याला घाबरू नका. पहिल्या दोनेक वर्षांत एखादी उसळी येऊन आपोआप बसतेही. सर्वांत खालच्या आकड्याच्या वर २ ने चढला, तरच आजार परतल्याचा विचार सुरू होतो. कुणी वर्षभरात पुन्हा बायोप्सी सुचवली तर कारण विचारा. दोन-अडीच वर्षांपर्यंत स्लाइडवर अशा पेशी दिसतात ज्या अजून मेलेल्या नसतात, पण ज्यांना पुढे विभागताच येणार नसतं, आणि त्या बघून जिवंत गाठ आहे की नाही हे मलाही सांगता येत नाही.

अबोली

त्यांनी वहीत ‘दोन-अडीच वर्षं’ लिहून घेतलंय आणि खाली दोन रेघा मारल्यात. सोमवारपासून सुरू होतंय.